दुसऱ्याच्या मुळांवर

मी एक निवडुंग. खिडकीतल्या वरच्या फळीवर, डावीकडून तिसरा. जवळ या, पण बेताने या. माझी सलगी सगळ्यांनाच मानवते असं नाही.

माझा जन्म घड्याळाच्या पेटीत झाला. थट्टा करत नाही. माझे मालक घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान बंद केल्यावर तिथली रिकामी खोकी त्यांनी घरी आणली आणि त्यातल्या एका काचेच्या झाकणाच्या पेटीत वाळू, बारीक खडी आणि तव्यावर भाजून घेतलेली माती भरली. मातीतली बुरशी मरावी म्हणून ती भाजतात. तो वास तीन दिवस घरातून गेला नाही, असं बाई अजून सांगतात. बाई म्हणजे मालकांच्या पत्नी. त्या घरी शिवणकाम करतात. "लोकांकडे जेवण शिजतं, आमच्याकडे माती शिजते," हे त्यांचं तेव्हाचं वाक्य.

माझं बी टपालाने आलं होतं. मालकांसारख्याच कुणा छांदिष्टाने कागदाच्या पुडीत तीस बिया बांधून वर शाईने नाव लिहून पाठवलं होतं. वाटेत पाकीट भिजलं. मालकांच्या हाती आल्या त्या तीस बिया आणि नावाच्या जागी एक निळा डाग.

बी म्हणजे केवढं? मोहरीचा दाणा माझ्या शेजारी ठेवला असता तर कलिंगड वाटला असता. मालकांनी आम्हाला मातीवर नुसतं भुरभुरवलं, झाकण लावलं आणि वाट बघत बसले. तीसपैकी नऊ उगवलो. काचेतून आलेला तो पहिला उजेड मला अजून आठवतो. तो काय आहे, कुठून येतो, कुणाचा आहे, काहीच ठाऊक नव्हतं. फक्त त्याच्याकडे वळावंसं वाटलं आणि मी वळलो. टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा मणी होतो मी तेव्हा.

रोज सकाळी मालक डोळ्याला भिंग लावून पेटीवर वाकायचे. श्वासाने काच धुरकटू नये म्हणून दम रोखून धरायचे. एवढा मोठा माणूस, केस पांढरे झालेला, माझ्यासारख्या टिंबापुढे श्वास रोखून उभा! मला त्याचं फार नवल वाटायचं, अजून वाटतं.

वर्षभराने त्यांनी आम्हाला एकेकट्या कुंड्यांत हलवलं. घड्याळातला सगळ्यात लहान स्क्रू उचलायचा चिमटा होता, त्यानेच आम्हाला उचललं. बुरशीने आधीच सहा भावंडं नेली होती. एक उन्हाने गेलं. एक त्यांच्याच चिमट्यात चिरडलं गेलं, आणि त्या दिवशी ते धड जेवले नाहीत. राहिलो मी एकटा.

या खिडकीत माझ्याखेरीज चौसष्ट निवडुंग आहेत. प्रत्येकाच्या कुंडीत पट्टी खोवलेली, पट्टीवर नाव. माझ्या पट्टीवर मात्र नुसतं प्रश्नचिन्ह. त्यावरून बाईंनी माझं नावच 'प्रश्नचिन्ह' पाडलं.

मालकांनी माझा शोध घ्यायचं काही बाकी ठेवलं नाही. कंगोरे मोजले, एकेका ठिपक्यावरचे काटे मोजले, मधला काटा आकडेबाज आहे की सरळ तेही पाहिलं. काट्यांवरून मी एका घराण्याचा वाटायचो. कंगोऱ्यांवर प्रत्येक ठिपक्याखाली हनुवटीसारखा उंचवटा आहे, त्यावरून दुसऱ्या घराण्याचा. सोक्षमोक्ष लावायला एकच साक्षीदार होता, तो म्हणजे माझी कळी. पहिल्या घराण्याच्या कळ्या लोकर पांघरून येतात. दुसऱ्याच्या साफ उघड्या.

"एकदा कळी येऊ दे, मग बघतो हा कुणाचा कोण ते," असं मालक म्हणायचे. अकरा वर्षं म्हणत होते.

कळी येत नव्हती, कारण त्यांनी मला खिडकीपासून लांब, आपल्या कामाच्या टेबलावर ठेवलं होतं. येता-जाता दिसावं म्हणून. उजेड पुरत नव्हता हो! माणसाने जीव लावला की तो जवळ ठेवतो, आणि जवळ ठेवलं की उजेड अडतो, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मला सांगता येत नव्हतं.

अशात त्यांच्या डोळ्यांवर मोतीबिंदू चढला. काटे मोजताना आकडा चुकायला लागला. एकदा पंधराचे तेरा झाले, मग सतरा. ते स्वतःवरच चिडले. "याचं नाव कळायच्या आत माझेच दिवे जायचे," असं पुटपुटताना मी त्यांना ऐकलं. शेवटी मुलीने फोनवर दटावलं आणि तिच्या गावी ऑपरेशनची तारीख ठरली. तीन आठवडे तिच्याकडेच राहायचं होतं. बाईंना जाता येईना, कारण शाळेच्या ऐंशी गणवेशांचं काम अंगावर होतं आणि शाळा कुणासाठी थांबत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मालकांनी सगळ्या कुंड्यांना चिठ्ठ्या बांधल्या. दुकानात घड्याळाला दोऱ्याने बांधतात तशा. 'आता नको.' 'पंधरा तारखेला थोडं.' 'उन्हात सरकव.' माझ्यापाशी आले तेव्हा त्यांचं बोट माझ्या बुडाला लागलं आणि थबकलं. टेबलावरच्या फळीवरून ठिबकलेलं पाणी माझ्या कुंडीत शिरलं होतं. बूड जरासं मऊ लागत होतं. त्यांनी "हं" केलं, मला कोरड्या जागी ठेवलं आणि चिठ्ठीवर एकच शब्द लिहिला: 'पाणी.'

आता इथे तुम्हाला दुकानातली रीत सांगायला हवी. गिऱ्हाइकाने घड्याळ आणलं की मालक ते उघडायचे, बघायचे आणि चिठ्ठीवर एका शब्दात लिहायचे. 'धूळ' म्हणजे आत धूळ गेली आहे. 'पडलंय' म्हणजे पडलं आहे. आणि 'पाणी' म्हणजे आत पाणी शिरलं आहे, हात लावू नका, आधी वाळू द्या. चिठ्ठीवर रोग लिहायचा, औषध नाही, अशी ती पद्धत. चाळीस वर्षं त्यांचा हात त्याच वळणाचा.

बाई दुकानात कधी बसल्या नव्हत्या. त्यांनी सरळ चिठ्ठ्या वाचल्या. चौसष्ट जणांना काही ना काही पथ्य, आणि एकट्या प्रश्नचिन्हावर हुकूम: पाणी.

"लाडका आहेस बाबा तू," असं म्हणून त्यांनी पहिल्या सकाळी मला अर्धी वाटी पाणी घातलं. दुसऱ्या सकाळी घातलं. तिसऱ्या सकाळी शिवणयंत्रावरून उठून, तोंडात टाचण्या धरून, आठवणीने घातलं. एक दिवस चुकला म्हणून संध्याकाळी माफी मागून पूर्ण वाटी घातली. फोनवर मालक विचारायचे, "झाडं?" बाई सांगायच्या, "चिठ्ठीप्रमाणे चाललंय सगळं. काळजी करू नका." दोघंही खरंच बोलत होते.

मी बुडत होतो. आमच्या जातीला तहान सोसते, महिनोन्‌महिने सोसते. अशी माया सोसत नाही. आधी बारीक मुळं गेली. मग जाड मूळ काळं पडलं. मग तो काळेपणा वर चढायला लागला. आणि रोज सकाळी तो मायेचा हात यायचाच.

मालक परतले ते काळा चष्मा लावून. डॉक्टरांनी बजावलं होतं की महिनाभर वाकायचं नाही, धुळीत आणि मातीत हात घालायचा नाही, बारीक काम करायचं नाही. घरात शिरल्या शिरल्या ते चाचपडत माझ्यापाशी आले आणि बोट लावलं. बोट आत गेलं.

"अगं!" ते ओरडले. "याला पाणी कुणी दिलं?"

"मी दिलं. रोज दिलं. तुम्हीच लिहून ठेवलं होतं."

"पाणी म्हणजे पाणी शिरलंय गं!"

"मग 'शिरलंय' लिहायला काय झालं होतं? शाई संपली होती?"

"चाळीस वर्षं हाच शब्द लिहितोय. आजवर कुणी चुकलं नाही."

"कसं चुकेल? लिहिणारे तुम्ही आणि वाचणारेही तुम्हीच!"

मग बाई खुर्चीत बसल्या आणि त्यांना रडू आलं. "अकरा वर्षं जपलंत हो तुम्ही त्याला. मी वीस दिवसांत मारलं." मालकांनी चष्म्याआडून त्या दिशेने पाहिलं. रागवायचं त्यांच्या मनात होतं, मला ते जाणवत होतं. पण ते म्हणाले, "मेलं नाही अजून. नवं पातं आण. आणि स्पिरिट. तुला कापावं लागेल."

"मी? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"काज कुणाला कापता येतं या घरात? मला की तुला?"

बाईंनी डोळे पुसले. जाड कापडाच्या दोन घड्यांमध्ये मला धरलं. पातं स्पिरिटने पुसलं. मालक शेजारच्या स्टुलावर ताठ बसले, हात मांडीवर ठेवून, आणि बोलायला लागले. पहिला काप बुडाशी गेला.

"रंग सांग."

"काळा. मधे तांबूस."

"पातं पूस. वर सरक."

"तांबूसच आहे."

"पूस. वर."

"अहो, अजून आहे. एका बाजूला ठिपका आहे."

"एक ठिपकासुद्धा ठेवायचा नाही. पुन्हा तिथूनच चढेल. वर."

मी कमी कमी होत गेलो. काय सांगू तुम्हाला! तुमचं बोट कापलं तर केवढा आरडाओरडा होतो. माझ्या अकरा वर्षांच्या चकत्या वर्तमानपत्रावर एकीवर एक पडत होत्या आणि मी अजून होतो. प्रत्येक कापानंतर वाटायचं, आता संपलं. आणि उरलेल्यात मी पुरता असायचो. हे कसं होतं ते मला आजही उमगलेलं नाही.

"आता पांढरट हिरवा," बाई म्हणाल्या. "सगळा एकसारखा. स्वच्छ."

"किती उरलाय?"

"कोटाच्या बटणाएवढा."

एवढ्याशा तुकड्याला स्वतःची मुळं फुटेपर्यंत तो सुकून जातो, हे मालकांना माहीत होतं. मग म्हणाले, "गच्चीच्या पाइपाजवळ तो तिधारी वेडावाकडा वाढलाय ना, त्याचा मुळांसकट उभा असलेला एक कोंब कुंडीत आहे. तो आण. याचं कलम बांधू."

तिधारी म्हणजे तीन धारांचा उंच, हिरवा, साधा निवडुंग. त्याला ना देखणेपण ना पट्टी. कुठेही तगतो, भराभर वाढतो, म्हणून त्याला ठेवायचं आणि दुसरं कुणी अडलं की त्याच्यावर बसवायचं. अशाला माळी लोक खुंट म्हणतात.

बाईंनी खुंटाचं शेंड्याकडचं डोकं एका कापात उडवलं. मालकांनी सांगितलं, "तिन्ही कडा तिरक्या तासून घे. वाळताना मधला भाग आत बसतो, कडा वर राहिल्या तर जोड उचलला जातो."

"शिवताना ब्लाउजच्या गळ्याला तिरका काप देतात तसा?"

"तसाच. आता कापलेल्या भागावर मधोमध बारीक वर्तुळ दिसतंय?"

"दिसतंय. दोऱ्याएवढं."

"याच्यावरही तसंच असेल. याचं लहान, त्याचं मोठं. मधोमध ठेवू नकोस. एका बाजूने वर्तुळाला वर्तुळ चिकटलं पाहिजे. तेवढं साधलं तर जगेल, नाहीतर नाही."

बाईंनी मला दोन बोटांत उचललं. आयुष्यभर सुईत दोरा ओवलेली बोटं ती. त्यांनी मला त्या ओल्या, गार कापावर ठेवलं, जरासं फिरवून आतली हवा काढली आणि गणवेशाच्या स्कर्टसाठी आणलेलं बारीक इलॅस्टिक कुंडीखालून घेऊन माझ्या डोक्यावरून आडवं-उभं बांधलं. एक काटा त्यांच्या अंगठ्यात गेला. त्यांनी आधी गाठ मारली, मग तो काढला.

पुढचे दिवस सावलीत गेले. कुणी हात लावला नाही, कुणी पाणी घातलं नाही. मी माझ्याच ओलाव्यावर सुकत होतो. बाई रोज दारातून बघून जायच्या, आत यायच्या नाहीत. बहुधा स्वतःच्या हाताची त्यांना धास्ती बसली होती.

आणि आठव्या की नवव्या दिवशी ते झालं. खालून काहीतरी आलं. गार, कणाकणाने, अनोळखी. पाणी होतं ते, पण माझ्या मुळांनी शोधलेलं नव्हतं. कुणी दुसऱ्यानेच मातीत वाकून, चाचपून, उचलून वर पाठवलं होतं. ज्याचं डोकं माझ्यासाठी उडवलं, त्याने! त्याने मला अडवलं असतं तर कुणाला काय कळलं असतं? मी त्याच्या जातीचा नाही, घराण्याचा नाही. मी काही मागायच्या आधीच त्याने दार उघडलं होतं. माझे काटे बोथट झाले असतील त्या वेळी, एवढा मी थक्क झालो.

बाईंनी इलॅस्टिक सोडलं आणि अगदी हलकेच बोटाने ढकलून पाहिलं. मी हललो नाही. "अहो, धरलंय!" त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की मालक चष्मा न घालताच उठले.

त्यापुढे मला टेबलावर नाही, खिडकीत ठेवलं. खुंटाच्या जोरावर मी एका वर्षात इतका वाढलो जितका आधी पाच वर्षांत वाढलो नव्हतो. पण एक गोष्ट मला खटकायची. खुंटाच्या धारांवर अधूनमधून इवलासा कोंब फुटायचा. त्यालाही वाटत असणार ना, आपलं काही वर यावं. तो दिसला की मालक चिमट्याने खुडून टाकायचे.

"त्याचं काय चुकलं?" बाईंनी एकदा विचारलं.

"काहीच नाही. पण त्याचं वाढलं तर वरच्याचं अन्न तुटतं. खुंटाने खुंटच राहायचं असतं."

बाईंना ते आवडलं नाही. मला तर मुळीच आवडलं नाही. पण अन्न येत होतं आणि मी घेत होतो.

दुसऱ्या उन्हाळ्यात माझ्या डोक्यावर, काट्यांच्या आतून, एक गाठ वर आली. मालकांना नवे डोळे मिळाले होते. त्यांनी भिंग लावलं आणि जुन्या सवयीने श्वास रोखला. चार दिवस ते बघत होते. लोकर येते की नाही? पाचव्या दिवशी कळी बोटाच्या पेरापर्यंत आली. गुळगुळीत. तिच्यावर काटा नाही, केस नाही, लोकरीचा धागा नाही.

"उघडी आहे," ते पुटपुटले. मग बाईंना हाक मारून त्यांनी एक लांबलचक परभाषेतलं नाव उच्चारलं.

"म्हणजे काय ते?"

"म्हणजे उघडी कळी. या घराण्याचं नावच ते."

बाई हसायलाच लागल्या. "सगळ्या अंगाला काटे आणि कळी तेवढी उघडी! तुमच्याच घराण्याचा दिसतोय."

भर दुपारी मी फुललो. फिकट गुलाबी, गळ्याशी गडद. मला ते दिसत नव्हतं, पण त्या दोघांच्या चेहऱ्यांवर बघितलं. "असा रंग मला आजवर कुठल्या ताग्यात मिळाला नाही," बाई म्हणाल्या. घरातली सगळी घड्याळं एकामागून एक बारा वाजवत होती आणि मालकांनी एकदाही मान वर केली नाही. माझ्यातून असं काही निघू शकतं, हे अकरा वर्षं मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. त्यांनी ते न बघता गृहीत धरलं होतं.

याला आता तीन वर्षं झाली. मी मुठीएवढा झालो आणि जड झालो. आणि खुंट थकला. असे खुंट फार वर्षं पुरत नाहीत. तो पिवळा पडलाय, बुडाशी खरखरीत झालाय, माझ्या भाराने एका बाजूला कललाय. तरी आज सकाळीही त्याने मला पाणी पाठवलं. नेहमीपेक्षा कमी होतं, आणि मला वाटतं, होतं ते सगळं पाठवलं.

काल मालक पातं पुसत बसले होते. "वरचा आता स्वतःची मुळं धरेल एवढा झालाय. उतरवून घेऊ. खुंट टाकून देऊ."

बाई शिवणयंत्र थांबवून उठल्या. आतून एक रिकामी कुंडी आणली आणि त्यांच्या पुढ्यात आपटली. "टाकायचा नाही. त्याने चार वर्षं दुसऱ्याचं डोकं वाहिलंय. त्याला यात लावा, आणि त्याला काय फुटेल ते फुटू दे."

"तो काय, नुसता तिधारी. ना रूप ना फूल."

"कधी येऊ दिलंत का?"

मालकांनी पातं खाली ठेवलं. खुंटाकडे त्यांनी नीट पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच. "बरं," ते म्हणाले. "उद्या तूच काप."

तर उद्या सकाळी बाई मला उतरवतील. मग काही आठवडे मी कोरड्या वाळूवर पडून राहीन, मुळांशिवाय, पाण्याशिवाय. मुळं धरीन की नाही, सांगता येत नाही. भीती वाटते. तुम्हाला एकच विनवणी: आमच्यापैकी कुणाला घरी आणलंत तर जीव लावा, पण पाणी घालायच्या आधी माती कोरडी आहे का ते बोटाने बघा. आणि फुलाचं कौतुक करून झालं की जरा खालीही नजर टाका.

मित्रा, तुझ्याशी मला कधी बोलता आलं नाही. आपल्यात फक्त पाणी बोललं. तुझ्या बाजूला, जोडाच्या खाली, आज पुन्हा एक इवलासा कोंब वर आलाय. मालकांनी तो सकाळी पाहिला आणि चिमटा उचलला नाही.